काड्यापेटीतले अडीच रातकिडे

या महिन्यात टपालाने आणि मोबाईलवर मिळून अकरा प्रश्न आले, त्यातले चार रातकिड्यांचे. साताऱ्यात पावसाने जरा उसंत घेतली की असंच होतं. दिवसभर चिखल आणि रात्रभर किर्रर्र. बाकीचे सात पुढच्या अंकात घेते. (त्यातले तीन सापांचे. नागपंचमी जवळ आली की पत्रांतूनही साप निघतात.) आज फक्त रातकिडे.

प्रश्न : आमच्या शाळेमागच्या पाण्याच्या टाकीखाली सहावीच्या मुलांना वेगळ्याच प्रकारचे रातकिडे सापडले. रंग तपकिरी, डोळ्यांच्या मधोमध फिकट पिवळी आडवी रेघ. इंटरनेटवर खूप शोधलं, तसा फोटो कुठे मिळाला नाही. ही नवीन प्रजाती असेल का? असल्यास तिला गावाचं नाव द्यावं अशी मुलांची फार इच्छा आहे. काड्यापेटीत तीन नमुने पाठवत आहे.
– एक प्राथमिक शिक्षक, ढेबेवाडी खोरे, ता. पाटण

गुरुजी, तुम्ही तीन पाठवलेत, मला अडीच मिळाले. रातकिडे शाकाहारी नसतात. एका डबीत कोंडले, खायला काही नसलं, की नुकतीच कात टाकून मऊ पडलेल्यावर बाकीचे ताव मारतात. मुलांना रागावू नका, मीही हे असंच शिकले. पुढच्या वेळी एका डबीत एकच, सोबत काकडीची चकती आणि लपायला चुरगळलेला कागद.

आता हाती काय आलं ते सांगते. अर्धा आहे तो मागचा अर्धा. टोकाला दोन केसाळ शेपट्या आणि त्यांच्यामध्ये सुईसारखी लांब तिसरी. ही तिसरी म्हणजे अंडी घालायची नळी. ती ओल्या मातीत खुपसून आत अंडी सोडली जातात. तेव्हा ही मादी. दुसरं पिल्लू, पंखांच्या जागी नुसते कोंब. रातकिड्यात अळी, कोष असली भानगड नाही. पिल्लू आईबापांसारखंच दिसतं, कात टाकत मोठं होतं, पण पंख पुरे होतात ते शेवटच्या कातीनंतर. तिसरा पूर्ण वाढलेला नर आहे, मात्र त्याचा उजवा पंख सोबत्यांनी कुरतडलाय. नेमका उजवा! त्याचं मला इतकं का वाईट वाटलं ते पुढे कळेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : बहुधा नवीन नाही. डोळ्यांमधली फिकट रेघ रातकिड्यांच्या कितीतरी प्रकारांत असते. कपाळावरच्या गंधावरून माणूस कुठल्या गावचा ते कळत नाही, तसंच हे. पण 'बहुधा' हा शब्द मी विचार करून लिहिलाय, कारण 'नाही' म्हणायलासुद्धा माझ्याकडे पुरावा नाही.

इंटरनेटवर फोटो न मिळणं हा तर पुरावाच नव्हे. (इंग्रजीत या किड्याचं आणि खेळाचं नाव एकच आहे, त्यामुळे मुलांना शोधताना निम्मा वेळ विकेटाच दिसल्या असणार.) जगात नाव मिळालेल्या रातकिड्यांच्या प्रजाती पाच हजारांच्या वर आहेत आणि त्यातल्या अनेकांचं दर्शन घ्यायचं तर एखाद्या संग्रहालयात, टाचणीला टोचलेल्या अवस्थेतच. आपल्याकडच्या रातकिड्यांची सगळ्यात मोठी नोंद केली ती ल्युसियाँ शोपार या फ्रेंच अभ्यासकाने. भारतीय प्राण्यांवरच्या सरकारी ग्रंथमालेत त्याचा जाडजूड खंड १९६९ साली निघाला. आजही भारतात कुणी रातकिड्याचं नवं नाव जाहीर करायचं म्हटलं तर आधी तो खंड उघडावा लागतो.

तुमचा किडा टाकीखाली शाळा बांधायच्या आधीपासून असेल. अभ्यासक करतो ते एवढंच, की आधी नाव मिळालेल्या प्रत्येक जवळच्या प्रकाराशी त्याला ताडून पाहतो आणि 'हा यांच्यापैकी कुणीच नाही' हे पुराव्यासकट छापतो. ताडताना चूक झाली आणि तोच किडा आधी कुणी नोंदवलेला निघाला, तर जुनं नाव राहतं, नवं बाद. हा हिशेब लिनियस या स्वीडिश निसर्गअभ्यासकाच्या १७५८च्या ग्रंथापासून धरतात. म्हणून या कामात निम्मं आयुष्य जुनी कागदपत्रं चाळण्यात जातं. सातबारा काढण्यासारखंच आहे ते, फक्त तलाठी पॅरिसला, लंडनला नाहीतर कोलकात्याला बसलेला.

बरं, ताडायचं कशाशी? रंगरूपाशी, असं तुम्ही म्हणाल. तिथेच भले भले फसले. अमेरिकेत रेन आणि हेबार्ड या दोघा जाणकारांनी १९१५ साली संग्रहातले मैदानी रातकिडे समोर मांडले, तुलना केली आणि निकाल दिला की अमेरिका खंडातले हे सगळे एकाच प्रजातीचे. टाचणीवरचे किडे बघता त्यांचं फार चुकलं नव्हतं, सगळे काळे-तपकिरी, सारखेच. पुढे फुल्टन नावाच्या अभ्यासकाने नॉर्थ कॅरोलिनात रात्री कान देऊन ऐकलं, तर चार वेगवेगळी गाणी निघाली. गाणाऱ्यांच्या राहायच्या जागा आणि हंगामही वेगळे. हे त्याने १९५२ साली मांडलं. तेव्हापासून जी उकल सुरू झाली ती इतकी लांबली, की २०१९ साली वाइसमन आणि ग्रे या दोघांनी अमेरिकेतल्या त्याच घराण्याचा आढावा घेतला तेव्हा त्यात सतरा प्रजाती नव्याने नोंदवल्या. हे काही घनदाट जंगलातले किडे नव्हेत. माणसांच्या अंगणात, रस्त्याकडेला ओरडत होते.

म्हणून मला तुमच्या टाकीखालच्या किड्याचं तोंड नको, गाणं हवंय.

गातो फक्त नर. त्याच्या उजव्या पंखाच्या खालच्या अंगाला एक शीर असते आणि तिच्यावर कानशीसारखे बारीक दात. डाव्या पंखाची कड त्यावरून फिरते. पंख मिटताना आवाज होतो, उघडताना नाही. पंखांचाच काही भाग पातळ, ताणलेला असतो, तो हलगीच्या कातड्यासारखा घुमतो. आता कळलं ना, उजवा पंख खाल्ला म्हणजे काय गेलं? कानसच गेली. प्रजातीचं वर्णन लिहिताना मायक्रोस्कोपखाली हे दात मोजतात. कुणाला साठ-सत्तर, कुणाला शंभराच्या वर. त्याचबरोबर नराचे जननेंद्रिय सोडवून त्याचं चित्र काढतात, कारण दोन जवळच्या प्रजातींत बाहेरून काडीचा फरक नसला तरी तिथे बहुधा सापडतो. आणि मादीला हे गाणं ऐकू येतं ते पुढच्या पायांतून! गुडघ्याच्या जरा खाली भिंगाने बघा, लंबगोल पडदा दिसेल, तोच कान. मुलांना हे सांगितलंत तर पुढचा तास आपोआप सुटेल.

तर मुलांकरता काम. रात्री टाकीजवळ मोबाईल ठेवून एकाच किड्याचं गाणं निदान दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, आणि मग तोच किडा पकडायचा, शेजारचा नव्हे. तोंडाने तारीख, वेळ, जागा बोलून ठेवायची. तापमानही हवं, कारण गारठ्यात त्यांची लय मंदावते. किडा चांगल्या, निदान ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा. फॉर्मालिनमध्ये नको, त्याने डीएनए तपासणीची वाट लागते. आणि लेबल पेन्सिलीने लिहायचं.

या पेन्सिलीपायी मी एकदा रडले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कासच्या बाजूला चार रविवार हिंडून मी बत्तीस रातकिडे जमवले होते. प्रत्येक बाटलीत सुबक अक्षरात चिठ्ठी, चांगल्या बॉलपेनने. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं तर बत्तीस बाटल्यांत फिकट निळं पाणी आणि कोऱ्या चिठ्ठ्या. कुठला किडा कुठल्या दगडाखालचा, काही कळायला मार्ग नाही. जागा आणि तारीख नसलेला किडा शास्त्राच्या दृष्टीने कचरा. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी विचारलं, 'बाई, फेकू का?' आणि मी हो म्हणाले.

आता नावाचं. गावाचं नाव देता येतं, आणि त्याला आपल्याच जिल्ह्यात दाखले आहेत. कासच्या पठारावर पावसाळ्यात जो वायतुरा फुलतो त्याचं शास्त्रीय नाव 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. चाळकेवाडीच्या पठारावरच्या एका पालीला २००८ साली नाव मिळालं 'हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस'. गाव एकच, पण पालीच्या नावात एक 'आ' जास्त आला, आणि तो आता तसाच राहणार. खुद्द तुमच्या पाटण तालुक्यातल्या हुंबरळीच्या भेकाला सोमण या अभ्यासकांनी १९६३ साली कोयनेचं नाव दिलं. पद्धत अशी की पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्या जिवाचा स्वतःचा. कधी कधी पहिला शब्दही नवा काढावा लागतो. कर्नाटकातल्या कुद्रेमुखचा एक रातकिडा तपासला तेव्हा तो कुठल्याच माहीत असलेल्या घराण्यात बसेना, म्हणून भारतीय आणि फ्रेंच अभ्यासकांनी 'इंडिग्रिलस' असं नवं घराणंच मांडलं आणि दुसरा शब्द डोंगराच्या नावावरून घेतला, 'कुद्रेमु'.

नाव ठेवताना एक नमुना मुख्य ठरवतात. 'या नावाचा किडा म्हणजे हा' असं पुढे कितीही वाद झाला तरी त्याच्याकडे बोट दाखवायचं. तो घरात शोकेसमध्ये ठेवून चालत नाही. जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचे नमुने सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, त्यांचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. आणि गुरुजी, टाकी शाळेची आहे तोवर ठीक, पण मुलांना घेऊन कोयना अभयारण्याच्या हद्दीत डब्या घेऊन शिरू नका. तिथला किडासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायचा नसतो.

प्रश्न : स्वयंपाकघरात ओट्याखाली एक रातकिडा आठ दिवस ओरडतोय. जवळ गेलं की गप्प, लांब गेलं की सुरू. आवाज कुठून येतो तेही कळत नाही. एकदा दिसला, फिकट पिवळा, अंगावर काळे आडवे पट्टे. झोप नाही. काय करू?
– एक आजी, मिरज

आजी अशी सही केलीत, पण वयाने आपण फार लांब नाही, म्हणून आक्का म्हणते. वर्णनावरून हा घरात राहणारा 'ग्रिलोडेस सिजिलाटस' असावा. उबदार देशांतल्या घराघरांत तो माणसाबरोबर पोचलाय. नराला आखूड पंख, मादीला जवळपास नाहीतच, त्यामुळे मादी लोकांना झुरळाचं पोर वाटते. आवाजाची दिशा कळत नाही यात तुमच्या कानांचा दोष नाही. एकच सलग सूर, त्यात ओटा, फरशी, भिंती सगळीकडून तो परततो. दोघींनी दोन कोपऱ्यांत उभं राहायचं, कानांमागे हाताचे पंजे धरायचे आणि डोळे मिटून बोट दाखवायचं; दोन बोटांच्या रेषा मिळतील तिथे तो. आणि पाय न वाजवता जा. शेपट्यांवरच्या केसांना हवेची हालचाल कळते आणि पायांना जमिनीचा हादरा, म्हणून तो तुमच्या आधी सावध होतो.

फवारा मारू नका, ओट्यावर अन्न असतं. बरणीत भाकरीचा तुकडा टाकून ती आडवी ठेवा, सकाळी अंगणात सोडा. तोवर एक गंमत ऐका. हा नर मादीला बीजाच्या पुडीसोबत चिकट जेलीचा गोळा देतो. ती गोळा खात बसते, तेवढ्या वेळात बीज आत जातं. गोळा लहान असला तर ती लवकर संपवून पुडीही खाऊन टाकते. म्हणजे ओट्याखाली जो आठ दिवस ओरडतोय त्याची शिदोरी तयार आहे, येणारीच कुणी नाही.

प्रश्न : द्राक्षबागेत दिवस मावळल्यावर जमिनीतून मोटारीसारखी एकसुरी घरघर ऐकू येते. उकरल्यावर फावड्यासारखे पुढचे पाय असलेला मखमली किडा निघाला. मुळं खाईल का?
– एक बागायतदार, तासगाव

दादा, हा बिळात राहणारा रातकिडाच. कोवळ्या रोपांची मुळं कुरतडतो, रोपवाटिकेत लक्ष ठेवा. जुन्या वेलींची काळजी करू नका. मातीतल्या अळ्याही तो खातो. दिव्याकडे येतो, तेव्हा फारच झाले तर रात्री दिव्याखाली पाण्याची घमेली ठेवा.

पण तुम्ही द्राक्षवाले, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. असाच एक किडा फ्रान्समध्ये बेनेट-क्लार्क या शास्त्रज्ञाला मिळाला. दिसायला तिथल्या नेहमीच्या किड्याच्या जवळचा, पण गाणं वेगळं. १९७० साली त्याने त्याला नाव दिलं 'ग्रिलोटाल्पा विनी', म्हणजे द्राक्षमळ्याचा. त्याचं बीळ मोजलं तर ते चक्क कर्ण्याच्या आकाराचं, दोन तोंडांचं! नर आत डोकं आणि तोंडांकडे पाठ करून कर्ण्याच्या गळ्याशी बसतो. शांत रात्री तो आवाज सहाशे मीटरवर ऐकू जातो. तुमच्या बागेतला तो फ्रेंच नव्हे. आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांत याला 'ग्रिलोटाल्पा आफ्रिकाना' म्हणत, मीही मुलांना वर्षानुवर्षं तेच लिहायला लावलं. आता ते नाव आफ्रिकेतल्यांकडेच ठेवतात, आशियातले वेगळे धरतात. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांनी कृपया दुरुस्ती करून घ्यावी.

आवाज मोठा करायची युक्ती सगळ्यांकडे बीळ खणूनच असते असं नाही. झाडावरचा एक नाजूक हिरवट रातकिडा आहे, 'ओकॅन्थस हेन्री'. तो रानतुळशीसारख्या झुडपाच्या पानाला मधोमध भोक पाडतो, त्यातून डोकं काढून पंख पानाला टेकवतो आणि गातो. पान पंखांच्या पुढचा-मागचा आवाज एकमेकांत मिसळू देत नाही, त्यामुळे गाणं दोन-तीन पट मोठं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या प्रयोगशाळेने त्याच्यावर काम केलं. २०२० साली त्यांनी दाखवलं की ही युक्ती जास्त करतात ते अंगाने लहान, आवाजाने हलके नर. दणकट गडी पानाच्या कडेवर बसूनच गातात.

प्रश्न : रातकिड्याची किरकिर आठ सेकंदांत मोजून त्यात पाच मिळवले की तापमान येतं असं वाचलं. मी मोजलं तर ३५ आलं, आणि भिंतीवरचा थर्मामीटर २५ दाखवत होता. कोण चुकलं? आणि मुके रातकिडे असतात का?
– इयत्ता नववी, कऱ्हाड

तू नाही चुकलास आणि थर्मामीटरही नाही. सूत्र दुसऱ्याच्या गावचं आहे. अमेरिकेतल्या डॉल्बेअर नावाच्या शास्त्रज्ञाने ते १८९७ साली फॅरनहाइटमध्ये मांडलं. तुझं सेल्सिअसचं रूप नंतरचं. किडा कुठला ते सांगायला डॉल्बेअर विसरला! पुढच्या लोकांनी ठरवलं की तो तिथला झाडावरचा पांढुरका रातकिडा असणार. त्याचं सूत्र आपल्याकडच्याला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचणं. लय बदलते हे मात्र खरं. रातकिड्याचं रक्त आपल्यासारखं गरम राहत नाही, हवा गार झाली की स्नायू सावकाश चालतात. मादीचा कानही त्याच मापाने बदलतो, म्हणून गारठ्यातलं संथ गाणं गारठ्यातल्या मादीला बरोबर वाटतं. तू वीस रात्री एकाच जागच्या किड्याची किरकिर मोज, शेजारी तापमान लिही, आणि आलेखाच्या कागदावर ठिपके टाक. सूत्र तुझं तूच काढशील.

मुके असतात. मुंग्यांच्या वारुळात राहणारे इवलेसे रातकिडे आहेत, त्यांना पंखच नाहीत आणि कानही नाहीत. पण खरी नवलाची गोष्ट हवाईतल्या कौआई बेटावरची. तिथे एक माशी गाणं ऐकून नराला गाठते आणि त्याच्यावर अळ्या सोडते, त्या त्याला आतून खातात. २००३ साली मार्लीन झुक या संशोधक बाईंना तिथले बहुतेक नर गप्प आढळले. पंख होते, पण सपाट. गाण्याचे भाग जवळपास पुसले गेलेले. जेमतेम वीस पिढ्यांत हे झालं. मग मादी कशी मिळते? जे थोडे नर अजून गातात त्यांच्या आसपास हे मुके दबा धरून बसतात. गाणं गेलं तरी ती प्रजाती नवी नव्हे बरं का, तीच. प्रजाती गाण्यावरून ओळखायची असं ढेबेवाडीच्या गुरुजींना वर इतकं ठासून सांगितलं, आणि हे एक बेट मला खोटं पाडतंय.

ता. क. (ढेबेवाडीसाठी) : तुमचे अडीच मी अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. आत पेन्सिलीने लिहिलंय, 'शाळेमागची टाकी, ढेबेवाडी खोरे, पकडणार सहावीची मुलं'. तारखेची जागा रिकामी आहे, तेवढी कळवा.